फाटलेला खांब
नव्या प्लास्टिकचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. बायको जाऊन महिना झालेला. नातीचा नवा गेमिंग लॅपटॉप खराब निघाला तर सातच्या आत कल्याणातल्या दुकानात परत द्यायचा होता, आणि साडेसहा वाजलेले. पडदा गेमच्या वेगाशी जुळवून घेतो की नाही, तेच तिला कळेना; नाही जुळलं तर चित्र मधेच तुटतं म्हणे. मी म्हटलं, "आजीचा व्हिडिओ लाव. तिचं चालणं मला पाठ आहे, जरा अडखळलं तरी कळेल." "अहो आजोबा, ते गेममध्येच कळतं!" तिने वेग जुळवायची सेटिंग आधी बंद करून गेममधला खांब गरागरा फिरवला. जन्मभर गिरणीत कापड तपासलेला माणूस मी. ओरडलो, "मधे आडवा फाटला बघ!" तिने सेटिंग चालू केली, तर खांब अख्खाच्या अख्खा. लॅपटॉप परत द्यावा लागला नाही. मग तिने आजीचा व्हिडिओ लावला. अजूनही तो व्हिडिओ बघावासा वाटला की मी नातीला 'चल, पडदा तपासू' म्हणूनच हाक मारतो.