पुलाच्या दोराचा झोळ

मी अक्षरं गिरवली ती वडिलांच्या पत्रकांवर. उखडलेले रस्ते, गळक्या टाक्या, पहिल्याच पुरात वाहून गेलेले बंधारे. ढिलं काम दिसलं की गप्प बसायचं नाही, हे मला शाळेत जाण्याआधीच कळलं होतं. म्हणून श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात ओढ्यावर झुलता पूल झाला आणि त्याचे लोखंडी दोर मधोमध खाली आलेले दिसले, तेव्हा मलाही ते खटकलं.

पूल गावानं श्रमदानातून बांधला होता. नकाशा आत्याचा. ती इंजिनिअर, राहायला नगरला, सावेडीत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती तिकडे असताना द्राक्षबागायतदारांनी चेनपुली लावून दोन्ही दोर ओढले आणि जवळजवळ सरळ केले. मांडवाच्या तारा ते दरवर्षी तशाच ताणतात. काम आता नीट झालं, असं गावाला वाटलं.

सकाळी पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं सगळ्यांच्या आधी पूल ओलांडणार होती. मी वडिलांनी छापलेली उद्घाटनाची पत्रकं वाटत होते. आत्या आली, दोर पाहिले आणि पुलाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. कुणी पाय ठेवायचा नाही म्हणाली.

सगळ्यात जुने बागायतदार पुढे झाले. “पोरी, ढिली तार म्हंजी ढिलं काम. लोकं हसत्याल आपल्याला.”

“तात्या, तुमच्या मांडवाचा कडेचा खांब का कलतो?”

“लई तानलं की कलतोच,” ते म्हणाले आणि वळून दोराकडे बघू लागले.

दोराचं टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात अडकवून जमिनीत पुरलं होतं. आत्यानं सगळ्यांना तिथं नेलं. ठोकळ्यामागची माती बोटभर फाटली होती. दोर जितका सपाट, तितकी तेच वजन पेलताना त्यात ओढ जास्त येते आणि ती सगळी या ठोकळ्यावर पडते, हे ती समजावून सांगत होती. झोळ तिनं हिशेबानंच ठेवला होता. आणि पुलावर अजून कुणी चढलंही नव्हतं.

तात्यांनी दोर सैल करायला चेनपुली परत मागवली. आज पूल उघडायचा नाही, यावर वडील मात्र अडले. पत्रकं तालुकाभर गेलीत, आता माघार घेतली तर कोण विश्वास ठेवील, असं त्यांचं म्हणणं.

“दादा, पत्रक पुन्हा छापता येतं,” आत्या म्हणाली. तिनं मागे पाहिलं. पोरं दप्तरं पाठीला लावून रांगेत उभी होती.

वडिलांनी माझ्या हातातली दोन पत्रकं घेतली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पूल बंद आहे. इतकं छोटं पत्रक त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. एक या टोकाला चिकटवलं. दुसरं लावायला ते पँट दुमडून ओढ्यात उतरले आणि चिखल तुडवत पलीकडे गेले.