लाल टॉवेल वर झाला की

आमचा कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याचं एक शेड, आत आठ माग आणि दारात एक कडुलिंब. माग टॉवेलचे. मालक आमचे वडील, म्हणजे अप्पा. मी नुकताच बी.कॉम. झालेला, त्यामुळं कारखान्यात माझं काम नेमकं काय, हे अप्पांनाही ठरवता येत नव्हतं आणि मलाही.

त्यात मी गावातल्या एका शिबिराला जाऊन आलो. उत्पादन कसं वाढवावं यावर तिथं एक सूटवाले साहेब बोलले. कारखान्यात माणूस चालत असेल तर तेवढा वेळ वाया गेला समजा, हे त्यांचं म्हणणं मी घट्ट धरलं. आमच्याकडं तर सगळे चालतच असायचे. मागांच्या खडखडाटात हाक मारून उपयोग नव्हता. माग बिघडला की विणकर उठून जॉबरला शोधायला जायचा. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आमचा जॉबर तेलुगू, त्याला सगळे अण्णा म्हणायचे. तो कडुलिंबाखाली तंबाखू मळत असायचा. मग विणकर त्याच्या कानात ओरडायचा, अण्णा त्याच्या कानात ओरडायचा, दोघं मिळून एकदा थुंकून यायचे आणि मग माग सुरू व्हायचा.

मी अप्पांना म्हटलं, "हे सगळं मी बंद करतो."

"कर की," अप्पा म्हणाले. "लातूरच्या शेठजींची लग्नसराईची ऑर्डर हाय. टॉवेल-टोपीच्या आहेरातले टॉवेल. वेळेवर निघाले तर वर्षाचं काम आपल्याला देतो म्हणलाय. निघाले तर कारखाना तू बघ. न्हाय निघाले तर तू माळशिरसला जा, मामाच्या उसाला पाणी दे."

माळशिरसचे मामा चांगले होते. पण त्यांच्याकडं पहाटे चारला उठवायचे, आणि उसात साप निघाला की "त्याला काय करू नको, आपलाच हाय" म्हणायचे. मी जिद्दीला पेटलो.

माझी पद्धत सोपी होती. कुणी जागचं हलायचं नाही, झेंडा दाखवायचा. लाल झेंडा म्हणजे माग बिघडला, अण्णानं यावं. पिवळा म्हणजे सुताच्या कांड्या संपल्या, कांड्यावाल्या मावशीनं टोपली आणावी. अप्पांनी त्यात स्वतःची एक अट घातली. मालकानं लाल दाखवला तर आग लागली समजायचं आणि मेन स्विच पाडायचा. आता झेंड्यासाठी कापड कुठून आणायचं? कारखाना टॉवेलचा. मी प्रत्येक मागाला एक लाल आणि एक पिवळा टॉवेल देऊन टाकला.

लग्नाच्या ऑर्डरीतले टॉवेल लाल आणि पिवळेच होते, हे माझ्या लक्षात यायला दुपार झाली. तोवर एका विणकरानं पिवळ्या टॉवेलनं घाम पुसला होता आणि मावशीनं त्याच्यापुढं टोपली ओतली होती. तो मानेनं नको म्हणत पुन्हा घाम पुसायचा, मावशी पुन्हा ओतायची. शेवटी तो कांड्यांत गुडघ्यापर्यंत बुडाला. दुसऱ्यानं तयार लाल टॉवेल सहज खांद्यावर टाकला, तर अण्णानं त्याचा चांगला चालता माग खोलून सुटा केला.

"अहो अण्णा, तो बरा होता," मी त्याच्या कानात ओरडलो.

"लाल दिसलं की खोलायचं, तुमीच सांगितलं की," अण्णा माझ्या कानात ओरडला. "आता बरा हाय का न्हाय ते बघतो. बसवायला दोन दिवस लागतील."

सवय होईल म्हणून मी पद्धत रेटली. आठवडाभरात अण्णानं आणखी तीन माग खोलले. ऑर्डरीची तारीख उलटली तेव्हा निम्मा माल मागावरच होता. आईनं माझी ट्रंक काढून उन्हात ठेवली. मामांचं पत्र आलं, रबरी बूट घेऊन ठेवलेत म्हणून.

आणि शेठजी स्वतः लातूरहून एसटीनं आले. तोंडात पान, कपाळाला आठ्या. थेट शेडात शिरले आणि अप्पांसमोर हात नाचवत बोलू लागले. खडखडाटात त्यांचे नुसते ओठ हलत होते, पण ऑर्डर मोडायला आलेत हे मला त्यांच्या हातांवरूनच कळलं. अप्पांना काही ऐकू आलं नाही. दारात पाहुणा आला की आधी सत्कार, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी ढिगातला एक टॉवेल उचलला.

आमच्या धंद्यात टॉवेल कुणी घडी घालून देत नाही. दोन्ही हातांनी झटकून, डोक्याच्या वर धरून, विणीत कुठं खोट नाही हे उजेडात दाखवायचं आणि मग द्यायचं. अप्पांनी तसाच उंच धरला. तो लाल होता.

अण्णानं स्विच पाडला. सगळे माग एकदम थांबले. अशी शांतता त्या शेडात दिवसा कधी नव्हती. आगीच्या भीतीनं विणकर उठून ताठ उभे राहिले, मावशीनं हात जोडून देवाचं नाव घेतलं, आणि अण्णा वाळूची बादली घेऊन धावत शेठजींपुढं आला.

शेठजींचा हात हवेतच राहिला. त्यांनी चारी बाजूंना बघितलं.

"हे... माझ्यासाठी?"

मी म्हणालो, "आपण आलात म्हणून."

"आणि ही बादली?"

"आपलं पान हाय ना तोंडात."

शेठजी वाकून बादलीत थुंकले. तोंड मोकळं झाल्यावर त्यांचा आवाजही बदलला. "एवढी वर्षं माल घेतो मी," ते म्हणाले, "माझ्यासाठी कुणी पंखा बंद केला न्हाय. तुमी अख्खा कारखाना बंद केला."

अप्पांनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर घातला, टोपी चढवली. शेठजींनी डोळे पुसले, तेही त्याच टॉवेलनं. अण्णा मागाकडं निघालाच होता, मी त्याचा सदरा धरला.

"राहिलेला माल पंधरा दिवसांनी चालंल," शेठजी म्हणाले. "आणि वर्षाचं काम तुमालाच."

त्यांना एसटीत बसवून अप्पा परत आले आणि कडुलिंबाखाली बसले.

"माळशिरसला लिहू का, येत न्हाय म्हणून?" मी विचारलं.

"लिही," अप्पा म्हणाले. "पण मागांना हात लावायचा न्हाय. आलेला पाहुणा तू बघायचा. ते तुला जमतंय."

मी मामांना पत्र टाकलं. मामांनी उत्तरात बुटांचे पैसे मागितले.