शांव्हेरच्या पुलाचा हुकूम

शांव्हेरच्या पोस्टात टेलिफोनचा बोर्ड सांभाळणाऱ्या लेओंतीन बूशरोने उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या बोलण्यात स्वतःचा एक शब्द मिसळला नव्हता. तारेवरून जे कानी पडेल ते पोटात ठेवीन, अशी तिने कामावर लागताना शपथ घेतली होती आणि ती अक्षरशः पाळली होती. कोणाच्या द्राक्षमळ्याचा सौदा फिसकटला, नोटरीसाहेब तूर शहरातल्या कुठल्या बाईला 'माझी चिमणी' म्हणतात, सगळं तिला ठाऊक. नदीवर कपडे धुताना बायका खोदून खोदून विचारायच्या. ही चादर पिळायची, नवऱ्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलायची आणि घरी यायची.

"माझी बायको म्हणजे तिजोरी," तिचा नवरा अन्सेल्म कॅफेत सांगायचा. "आणि किल्ली माझ्याकडेसुद्धा नाही."

अन्सेल्मचा मळा लुआर नदीच्या पलीकडच्या काठावर, चढावर होता. रोज सकाळी तो पूल ओलांडून जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. हट्टी माणूस. हातातलं काम अर्धं टाकून उठणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि त्या काठच्या सगळ्याच मळेवाल्यांच्या रक्तात नव्हतं.

एकोणीसशे चाळीसच्या जूनमध्ये जर्मन फौजा चालून आल्या आणि सरकार पॅरिस सोडून पळालं. मंत्री आपापल्या गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून लुआरकाठच्या वाड्याहवेल्यांत पांगले, कोण कुठे उतरलंय हे एकमेकांनाही माहीत नाही असा सगळा कारभार. त्यातला एक मंत्री शांव्हेरच्या टेकडीवरच्या हवेलीत येऊन उतरला. हवेलीत फोन एकच, आणि त्याची तार येऊन पोचायची लेओंतीनच्या बोर्डावर. एवढ्या मोठ्या देशाचं घोडं असं या बाईच्या बोटांपाशी येऊन अडलं.

मंत्री वाईट माणूस नव्हता. पण देश बुडत असताना नुसतं वाईट नसून भागत नाही. लेओंतीन दिवसभर त्याचा आवाज ऐकायची. "विचार करतो." "पुन्हा फोन करा." "बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?" बाकीचेही दुसऱ्या हवेल्यांतून हेच विचारत होते. तिला त्याची चीड यायची, आणि मग कीवही यायची.

त्या दिवशी सकाळी एका जनरलचा फोन आला. तिने जोडून दिला.

"पुलाखाली सुरुंग लावून झालेत," जनरल म्हणाला. "कॅप्टन पुलापाशी कॅफेत फोनजवळ बसलाय. पण पुलावर निर्वासितांची रीघ आहे, बायका, पोरं, गाड्या. जर्मन आज येतील नाहीतर उद्या. माणसांसकट पूल उडवायचा की थांबायचं, हे मी ठरवणार नाही. तो शब्द तुम्ही द्यायचा, साहेब."

"दुपारी देतो," मंत्री म्हणाला.

लेओंतीनने ते सगळं ऐकलं. अन्सेल्म पलीकडे होता. वेलींवर बुरशी चढते म्हणून सकाळीच पाठीवर फवारणीची टाकी बांधून गेला होता. जर्मन येवोत नाहीतर सैतान येवो, बुरशी वाट बघत नाही, म्हणाला होता.

सांगायचं कसं? शपथ होती. नुसती शपथही नाही, लढाईच्या दिवसांत असं काही फोडलं तर तुरुंग. ती बोर्डासमोर तशीच बसून राहिली. मग पोस्टमन ओनेझिम पलीकडच्या वस्तीला टपाल घेऊन निघाला, तशी तिने त्याला हाक मारली.

"ओनेझिम, अन्सेल्मला म्हणावं, मी जिन्यावरून पडले. लगेच घरी ये."

ओनेझिमने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तर धडधाकट दिसतेस."

"तू निरोप सांग. डॉक्टर होऊ नकोस."

बाराला थोडा अवकाश असताना ओनेझिम परतला. गर्दीतून सायकल ढकलत आणून घामाघूम झाला होता.

"सांगितलं," तो म्हणाला. "म्हणाला, ही ओळ संपवतो आणि येतो."

"ओळ?"

"फवारणीची ओळ गं. अर्धी राहिली होती."

लेओंतीनला रडावं की त्या ओळीला आग लावावी ते कळेना. तेवढ्यात चर्चच्या घड्याळात बाराचे टोले पडू लागले, आणि बोर्डावर हवेलीचा दिवा लागला. मंत्र्याचा चिटणीस होता. "पुलापाशी जोडा. ताबडतोब."

खेड्यातला बोर्ड बारा ते दोन बंद. जेवणाची सुट्टी. तसा खात्याचा नियमच होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता, मोडावासा वाटलाही नव्हता. पण त्या दिवशी नियम आयताच हाताशी आला, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"बारा वाजले," ती म्हणाली. "दोनला उघडेल." आणि तिने हेडफोन काढून ठेवला.

चिटणीस धावतच आला. मागच्या स्वयंपाकघरात ती सूप वाढून घेत होती. तो दारातूनच ओरडायला लागला.

"बाई, देश जळतोय आणि तुम्ही जेवताय?"

"जेवणाची वेळ आहे. पॅरिसला नसते का?"

"मी तुम्हाला अटक करवीन."

"करवा. मग बोर्ड कोण चालवणार? तुम्ही?"

त्याने त्या बोर्डाकडे पाहिलं, लोंबणाऱ्या दोऱ्या आणि भोकंच भोकं, आणि दारातच थांबला. ती ताटली घेऊन टेबलाशी बसली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. या दोन तासांत अन्सेल्म येईल. या दोन तासांत जर्मनही येतील. आले तर पूल शाबूत मिळेल आणि त्याचं पाप तिच्या माथी. तिने सूप तसंच बाजूला सारलं.

थोड्या वेळाने खुद्द मंत्री टेकडी उतरून आला. उंच, पन्नाशीचा, कॉलर घामाने भिजलेली. चिटणीस तक्रार सांगू लागला तसं त्याने हातानेच त्याला बाहेर घालवलं.

"दोन वाजेपर्यंत, म्हणता?" त्याने विचारलं.

"दोन वाजेपर्यंत."

त्याने सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढून बसला. लेओंतीन बघतच राहिली. त्या माणसाला राग आला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं. दोन तास तरी कोणी त्याच्याकडे शब्द मागणार नव्हतं.

तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली. तो जेवू लागला. मध्येच म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

"मी दुसऱ्याच्या जागी बसत नाही, साहेब. मी फक्त जोडून देते."

खिडकीतून पुलाचं अलीकडचं टोक दिसत होतं. गाड्या, ढकलगाड्या, पाळण्यात पोरं, गळ्यात घंटा वाजवत गाई. प्रत्येक टोपीकडे ती डोळे ताणून बघत होती. अन्सेल्म काही येईना. ओळ संपली असेल, आता टाकी धूत असेल. टाकी न धुता तो घरी यायचा नाही, हेही तिला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा मनस्वी संताप आला.

दोनचे टोले पडले. ती उठली आणि बोर्डासमोर बसली. गावकऱ्यांना फोन करायला काचेची एक खोली होती, मंत्री तीत शिरला. तिने दोरी उचलली, पुलाच्या कॅफेच्या भोकात घातली. हे मात्र तिला करावंच लागलं.

"साहेब," कॅप्टन म्हणाला, "आत्ता पूल मोकळा आहे. पलीकडच्या तोंडाशी एक गाडी उलटलीय, माझे लोक गर्दीला मागे रेटतायत, पण फार वेळ रेटता येणार नाही. पुन्हा लोंढा सुटला की माणसांसकट उडवावा लागेल. वरच्या रस्त्याला जर्मन मोटरसायकली दिसल्यात. माणूस न मारता उडवायचा तर आत्ता. बोला."

तारेवर फक्त श्वास ऐकू येत होता.

"साहेब? हॅलो?"

मंत्र्याने रिसीव्हर खाली ठेवला. काहीएक न बोलता. खोलीतून बाहेर येऊन तो बाकावर बसला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला.

"बाई," कॅप्टनचा आवाज चढला, "लाइन तुटली का? काय म्हणाले ते?"

लेओंतीनने खिडकीकडे पाहिलं. पुलावर चिटपाखरू नव्हतं. अन्सेल्म आला नव्हता. तिने मंत्र्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. 'थांबा' म्हटलं तर अन्सेल्म कदाचित येईल, आणि त्याच्या पाठोपाठ ती सगळी पोरं पुलावर येतील.

"बाई, काय म्हणाले?"

"उडवा म्हणाले," लेओंतीन बोलली.

हादऱ्याने पोस्टाच्या काचा फुटल्या.

जर्मन दुसऱ्याच दिवशी तराफ्यांचा पूल बांधून पलीकडून अलीकडे आले, पण तेवढ्यात अलीकडची पलटण निसटली, असं मागाहून लोक सांगायचे. पुलावर कोणी मेलं नाही. पलीकडच्या तोंडाशी एक माणूस मात्र शिपायांचं कडं मोडून सगळ्यांच्या पुढे घुसला होता. 'माझी बायको पडलीय, मला जाऊ द्या' म्हणून ओरडत होता. पुलाचा एक दगड उडून त्याच्या पायावर आला. अन्सेल्म महिन्याभराने नावेतून घरी आला तो कुबडी घेऊन, उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला.

"तू पडली होतीस ना?" त्याने दारातच विचारलं.

"किरकोळ होतं," ती म्हणाली.

मळा विकावा लागला. जेवायला बसलं की अन्सेल्म त्या मंत्र्याला शिव्या घालायचा. एवढा पूल मोकळा असताना त्या हरामखोराला पाच मिनिटं दम निघाला नाही, म्हणायचा. कोणी पाहुणा आला की पुन्हा पहिल्यापासून. लेओंतीन ताटल्या उचलायची. शपथ होती हे खरं, पण शपथेच्या आडोशाला ती भीतीनेही बसली होती. एवढी वर्षं एकाच छताखाली ते ऐकत राहणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी नवा पूल झाला. उद्घाटनाला तोच मंत्री आला, केस पिकलेले, पुन्हा निवडून आलेला. गाव बाकांवर बसलं होतं, बँड होता, महापौर कात्री घेऊन उभा होता. अन्सेल्मने कोट घालून पुढची जागा धरली होती. लेओंतीन त्याच्या शेजारी.

"त्या भयंकर क्षणी," मंत्री म्हणाला, "हुकूम द्यायला कोणी धजत नव्हतं. तो मी दिला. एकट्याने दिला." टाळ्या पडल्या.

अन्सेल्म कुबडीवर उठला. चार ढांगा टाकून पुढे गेला आणि मंत्र्याच्या बुटांवर थुंकला. पोलिसांनी त्याचे दंड धरले.

"सोडा त्याला," लेओंतीन उभी राहून म्हणाली. तिचा आवाज बोर्डावर बसून कमावलेला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू गेला. "अन्सेल्म, मंत्रीसाहेब काही बोलले नव्हते. फोन खाली ठेवून बसले होते. 'उडवा' मी म्हणाले."

मंत्र्याचा चेहरा पांढरा पडला. तो नाही म्हणाला नाही.

पोलिसांनी दंड सोडले तसा अन्सेल्म सावकाश वळला. "तुला ठाऊक होतं मी पलीकडे होतो?"

"होतं."

"आणि निरोप तूच धाडलास."

"मीच. तू यावास म्हणून."

"मग आजवर तोंड शिवून का बसलीस? आणि आजच कसं सुटलं?"

"तुझ्या पायावर त्यांनी टाळ्या घेतल्या," ती म्हणाली. "ते मला बघवलं नाही."

बँडवाले एकमेकांकडे बघत होते. अन्सेल्म परत आला आणि बाकावर आपल्या जागी बसला. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने शेजारच्या जागेवर, तिच्या जागेवर ठेवली. मंत्र्याने घसा साफ करून भाषण पुढे सुरू केलं. लेओंतीनने ते शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं.