सागवानी स्टँड आणि जास्तीची ताकद

दीपमाला काय काम करते, हे कोराडीच्या कॉलनीत तिची आई शेजारणींना असं सांगायची, "आमची पोरगी हिंगण्याले मशिनाइले त्रास देते." ते अगदीच खोटं नव्हतं. मोबाईल, वॉकीटॉकी यांच्या जोरदार रेडिओ लहरींत एखादं यंत्र गडबडतं का, हे तिच्या प्रयोगशाळेत तपासतात. त्यासाठी आतून काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेली एक लोखंडी खोली आहे. यंत्र ठेवण्याआधी, ते जिथे येणार तिथे छोटासा प्रोब उभा करून दीपमाला लहरींची ताकद मोजते. अँटेनाला पॉवर किती द्यायची, ते त्यावरून ठरतं.

या उन्हाळ्यात मोजताना तिला काहीतरी विचित्र दिसलं. वरच्या फ्रिक्वेन्सींवर, तेवढ्याच पॉवरला, मागच्या वेळेपेक्षा ताकद जास्त भरत होती. अँटेना तीच, केबल तीच.

"जास्तच आहे ना? कमी असती तर काळजी," प्रयोगशाळेचे प्रमुख मार्तंड सर म्हणाले.

"पण सर, आली कुठून? प्रोब उगाच जास्त सांगून राहिला असन, तर आपण पॉवर कमी देऊ. मशिनले पुरता मारच बसणार नाही. नापास व्हायची ते पास होईन."

सर थबकले. "हं. बघ मग. आज दुसरं काही घेऊ नकोस."

तिने प्रोब बदलला, केबल काढून पुन्हा लावली. आकडा हलेना. दुपारचा जेवणाचा डबा तसाच राहिला. मग प्रोब त्याच जागी राहील असं बघून तिने त्याला मागून धरणारा स्टँड जरासा सरकवला, आणि आकडा बदलला!

जुना प्लास्टिकचा स्टँड तुटला म्हणून सुताराकडून हा नवा सागवानी करून घेतला होता. एकही खिळा नाही, सगळं डिंकाने चिकटवलेलं. धातू नाही म्हणजे लहरींना अडथळा नाही, असं सगळ्यांनीच धरलं होतं. दीपमालानेसुद्धा.

ती स्कूटी काढून फ्रिजच्या दुकानात गेली.

"फ्रिज नाही पाहिजे, तं नुसता थर्माकोल काहून पाहिजे वं ताई?" दुकानदाराने विचारलं.

"त्याच्यात नुसती हवा असते न भाऊ, म्हणून."

थर्माकोलच्या ठोकळ्यांवर प्रोब ठेवला, आणि जास्तीची ताकद गायब झाली. मागे स्टँडची सागवानी फळी धरली की ती परत यायची. फळी पुढेमागे केली की आकडा वरखाली व्हायचा. फळीवर आपटून परतलेली लहर येणाऱ्या लहरीत मिसळत होती. हा खेळ पाहायला सर आले आणि थोड्या वेळाने फळी त्यांच्याच हातात होती.

नव्या मोजणीनंतर पहिला आला तो विक्कीचा पंप. सलाईनमधून औषध ठरावीक वेगाने सोडणारं हे यंत्र त्याच्या छोट्या कारखान्यात बनलं होतं. लहरी सुरू झाल्या आणि बाहेरच्या स्क्रीनवर थेंब मंदावताना दिसले.

"असा काहून करून राहिला हा?" विक्कीचा चेहरा उतरला. "बाहेर तं मस्त चालते, मॅडम."

"खोलून पाहू का?"

दोघांनी झाकण उघडलं. थेंब मोजणाऱ्या सेन्सरची वायर आत लांबलचक गुंडाळलेली होती. दीपमालाने ती बोटाने उचलली. "हे पहा. तुम्ही आत अँटेनाच बसवली."

विक्की हसला. वायर आखूड करून, तिच्यावर लहरी अडवणारी तारेची जाळी चढवून तो पुन्हा आला. लोखंडी दार लागलं, लहरी सुरू झाल्या. दोघं स्क्रीनला डोळे लावून बसले.

थेंब पडत होते, एकसारखे.