गजानन सरांची एक चक्कर

शंतनूने गजानन सरांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नात. त्याआधी दोन वर्षं तो शाळेच्या तरणतलावावर रोज त्यांच्याकडे पोहायला जात होता. पण तिथे सर म्हणजे पाण्यावर दिसणारं एक डोकं, एक शिट्टी आणि "पाय सोड, पाय सोड" असा आवाज, एवढंच. छत्रीबागेतल्या त्या लग्नात समोरच्या पंगतीत कोट घातलेले, नीट भांग पाडलेले एक गृहस्थ जिलबी खात बसले होते. आठ वर्षांचा शंतनु हातातला घास तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. माणूस ओळखीचा होता, पण त्याच्यात काहीतरी चुकत होतं. शेवटी त्याने आईला विचारलं, "सर कोरडे का आहेत?"

आई हसली, सरही हसले. शंतनु मात्र गोंधळलेलाच राहिला. सरांना घर असेल, इस्त्रीचे कपडे असतील, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तोच शंतनु आता चोवीस वर्षांचा आहे आणि गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर, सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध खोदलेल्या एका खाजगी तळ्यावर लोकांना वेकबोर्ड शिकवतो. तळ्याच्या दोन टोकांना दोन उंच खांब, त्यांच्यामध्ये ताणलेली केबल, केबलला दोरी आणि दोरीच्या टोकाला धरायची दांडी. पाय एका रुंद फळीला बांधायचे, पाण्यात बसायचं, दांडी धरायची. किनाऱ्यावरून कोणी बटण दाबलं की दोरी ओढते आणि माणूस पाण्यावर उभा राहतो. निदान तसं अपेक्षित असतं.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी तळ्याच्या फाटकाशी एक जुनी स्कूटर थांबली आणि गजानन सर उतरले.

सरांच्या घराण्यात सगळे कागदावर जगलेले. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात, आजोबा कचेरीत, वडील बँकेत. कागदाला हात न लावता पोट भरणारे गजानन सर हे घरातले पहिलेच. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच शाळेच्या तलावावर मुलं पोहायला शिकवली. मग शाळेने तलाव बुजवून तिथे बॅडमिंटनचा हॉल बांधला आणि बावन्नाव्या वर्षी सर घरी बसले. मुलगी श्रेया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तळ्याला आणखी एक शिक्षक हवा आहे, हे त्यांना तिनेच फोनवर शोधून दाखवलं होतं.

तळ्याचा कारभार बघणाऱ्या अस्मिता मॅडम मूळच्या पुण्याच्या, बोलण्यात सरळ. त्या म्हणाल्या, "पोहणं तुम्हाला आम्ही काय शिकवणार, सर? पण इथे शिकवणाऱ्याला बोर्डवर एक पूर्ण चक्कर न पडता मारता आली पाहिजे. समोरच्या खांबापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होते, त्याआधी जमलं तर जागा तुमची. शंतनु शिकवेल आणि फॉर्मही तोच भरेल."

शंतनु हो म्हणाला आणि मग दिवसभर आपण हो का म्हणालो याचा विचार करत राहिला.

पहिल्या दिवशी हेल्मेट आणि जॅकेट घालून सर पाण्यात बसले. पाय फळीला बांधलेले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आता मी काय करायचं?"

"काही नाही, सर."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे गुडघे छातीशी घ्यायचे, हात सरळ ठेवायचे आणि बसून राहायचं. दोरी ओढेल तुम्हाला."

"आणि मी?"

"तुम्ही ओढले जायचं."

सरांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. पाण्यात उतरून काही करायचं नाही, असं आजवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शंतनूने बटण दाबलं. दोरी ताणली, सरांनी सवयीने पाय मारले, फळी आडवी झाली आणि सर तोंडावर आपटले. वर आले ते खोकतच. "पाय मारले ना मी?"

"हो, सर."

"मारायचे नव्हते."

"हो, सर."

इतर शिकाऊंना शंतनु किनाऱ्यावरून बिनधास्त ओरडायचा, "ए भिया, खाली बस ना, कुठे पळायलास!" सरांवर ओरडायला त्याचं तोंड उघडत नसे. "सर, जरा गुडघे..." एवढं म्हणेपर्यंत सर पाण्याखाली गेलेले असत. फाटकावरचा चौकीदार गौतमपुऱ्याचा. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे बंदुकीची दारू भरलेली फळं, फेकतात. तो बिडी ओढत म्हणाला, "सरजी, हमारे हिंगोट में भी आदमी इत्ता नी गिरता."

"गिरने दो, भाई," सर म्हणाले. "पानी ही है."

आठवड्याभरात पाय मारायचे थांबले. सर उभे राहू लागले, आणि तिथून खरा गोंधळ सुरू झाला. ते सुरेख उभे राहत, आठ-दहा मीटर जात आणि मग काही कारण नसताना डावीकडे कलंडत. दर वेळी तिथेच, दर वेळी डावीकडे. शंतनूने फळी बदलली. उजवा पाय पुढे घ्यायला लावला, मग पुन्हा डावा. दोरी लांब केली, वेग कमी केला. सर सगळं निमूट करत आणि निमूट पडत. किनाऱ्यावर येऊन कानातलं पाणी काढत म्हणत, "मला कळत नाहीये रे, नेमकं काय होतंय. तुला कळतंय का?"

"नाही, सर."

"बरं. म्हणजे मी एकटाच नाही."

ऑक्टोबर उजाडला. घरी श्रेया रोज विचारायची, "बाबा, आज किती?" आणि ते रोज सांगायचे, "दहा मीटर." एकदा त्यांनी शंतनूला सहज सांगितलं की बाकीच्या तीन ठिकाणी चौकशी करून झाली आहे, सगळीकडे तिशीच्या आतली माणसं हवी आहेत. तेवढंच बोलून ते जॅकेटचे पट्टे आवळू लागले.

मग शंतनूने चौकीदाराच्या हातात मोबाइल देऊन सरांचे सगळे प्रयत्न टिपून घेतले. दुपारी झाडाखाली पोहे खाताना तो ते चित्रण थांबवून थांबवून बघू लागला. चौथ्या वेळी त्याला दिसलं. पडायच्या आधी सरांची हनुवटी डाव्या खांद्यावर येत होती. पाचव्या वेळी तेच. सहाव्या वेळीही तेच. या खेळात नजर जिकडे वळते तिकडे अंग वळतं आणि अंगामागून फळी.

"सर, तुम्ही मागे बघता."

"मी? छे." त्यांनी चष्मा लावून मोबाइल जवळ धरला. बराच वेळ बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. "अरे, खरंच की. कशाला बघतो मी?"

चित्रणाच्या कोपऱ्यात, किनाऱ्याजवळच्या पाण्यात, आपली पाळी यायची वाट बघणारे तीन शिकाऊ जॅकेटच्या आधाराने तरंगत होते. सरांनी त्यांच्यावर बोट ठेवलं.

"त्यांना जॅकेट असतं, सर. बुडत नाहीत ते."

"हो, ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून समोर बघितलं. आठ मीटर, दहा मीटर, आणि हनुवटी खांद्यावर. सव्वीस वर्षांत पाण्यात असलेल्या मुलांकडे त्यांनी एकदाही पाठ केली नव्हती. मान आता त्यांना विचारत नव्हती.

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार आला. शंतनूने रात्रभर विचार करून एक गोष्ट ठरवली होती, आणि ती बरोबर की चूक हे त्याला सकाळीही कळलं नव्हतं. त्याने पाण्यात पाळीची वाट बघणाऱ्या चौघा शिकाऊंना बाहेर बोलावलं. "चला भिया लोक, आधी गरमागरम पोहे, मग तुमची पाळी." सर तोवर पलीकडे जॅकेट घालत होते. ते पाण्यात बसले, दोरी ताणली, ते उठले. दहा मीटरवर मान वळली, तळं रिकामं दिसलं आणि मान आपसूक सरळ झाली. सर समोरच्या खांबाशी पोचले, हळू वळले आणि पूर्ण चक्कर मारून किनाऱ्याला लागले. चौकीदाराने शिट्टी वाजवली.

सर हसले नाहीत. पाण्यात बसल्या बसल्या ते इकडेतिकडे बघत होते. "बाकीचे कुठे गेले?"

"पोहे खायला."

"तू पाठवलंस?"

शंतनु त्यांच्या पायाचे पट्टे सोडवू लागला.

"मग ही चक्कर धरू नकोस."

"सर, फॉर्मवर कुठे लिहिलंय, पाण्यात माणसं हवीत म्हणून?"

"नसेल लिहिलं. पण मी शिकवायला उभा राहीन तेव्हा ती असतील ना."

"सर, दिवाळी आली. श्रेयाचं..."

"श्रेयाचं मी बघतो," सर म्हणाले, आणि मग हेल्मेट काढत, "कसं बघतो ते मलाही माहीत नाही. पण हे नको."

फॉर्मवर दोनच चौकोन होते, पास आणि नापास. शंतनु पेन घेऊन बराच वेळ बसला. शेवटी दोन्ही कोरे ठेवून त्याने खाली जे घडलं ते सगळं लिहिलं, पोह्यांसकट. अस्मिता मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. "हे काय आहे? पास की नापास?"

"मॅडम, मलाच कळत नाहीये."

त्या उठून किनाऱ्यावर आल्या. चौघांना पाण्यात उतरवलं आणि सरांना पुन्हा जायला सांगितलं. सर दहा मीटरवर पडले. बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, "सर, मागे वळून तुम्ही बघता तरी काय?"

"डोकी मोजतो."

"हे माझ्या लक्षातच आलं नसतं," त्या म्हणाल्या. कौतुक की तक्रार, ते शंतनूला ओळखता आलं नाही. बहुधा त्यांनाही आलं नसावं. मग त्या म्हणाल्या, "बोर्ड शिकवायची जागा मी नाही देऊ शकत."

"नाहीच देता येणार," सर म्हणाले.

"पण निम्मे लोक इथे पाण्याला घाबरतच येतात. फळी बांधायच्या आधी त्यांना अर्धा तास कोणीतरी पाण्यात रुळवलं तर चालेल मला. फक्त शनिवार-रविवार. बाकीच्या दिवसांचं माझ्याकडे काही नाही."

सरांनी शंतनूकडे बघितलं, मग पाण्याकडे. "काय करायचं त्यांनी, त्या अर्ध्या तासात?"

"ते तुम्ही ठरवा."

गजानन सर आता शनिवार-रविवार तळ्यावर असतात. उरलेले पाच दिवस ते विजय नगरातल्या एका इमारतीच्या चार फूट खोल तलावात, गुडघे दुखणाऱ्या अकरा म्हाताऱ्या माणसांना पाण्यात चालायला शिकवतात.