पटत न्हाई म्हणणारे आबा

आबांना अक्षरओळख नव्हती, पण माझ्या कादंबरीचे पहिले आणि सगळ्यात खडूस समीक्षक तेच. नव्वदच्या दशकात मी गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या शाळेत शिकवायचे आणि राहायला सेनगावला. शाळा सुटली की जीप भरायची वाट बघत लिंबाखाली बसायचं. चांगला तासभर जाई. त्याच लिंबाखाली आबा मेंढरं घेऊन टेकलेले असत. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, रोज काय लिवून राहिल्या?"

मी एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. सात डोक्यांचा राक्षस, उडता डोंगर आणि या सगळ्यांना पुरून उरणारा एक राजपुत्र. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती; मास्तरीणबाईंनी राक्षसांवर लिहायचं म्हणजे हसूच. आबा हसले नाहीत. "वाचा की," म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून ऐकायला बसले.

उडत्या डोंगराला त्यांची काही हरकत नव्हती. राजपुत्रानं तीन दिवस घोडा दौडवला म्हणताच मात्र त्यांचा हात वर झाला. "पटत न्हाई. घोड्याला पाणी कवा पाजलं?"

"आबा, डोंगर उडतो ते पटतं?"

"डोंगराचं मला काय ठावं? घोड्याचं ठावं हाय."

मुकाट्यानं मी वाटेत एक विहीर खोदली. पुढं राजकन्या राजपुत्राला बघताच त्याच्यामागं निघाली, तर आबा म्हणाले, "काहून? आईला इचारलं न्हाई, धाकल्या भावाला कोनाजवळ ठिवलं त्ये न्हाई." राजकन्या आणखी दोन प्रकरणं घरीच राहिली. माझा संताप व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा मीच त्यांच्यापुढं बसायचे.

त्यांची एक सवय मला कोड्यात टाकायची. भाकरीचं फडकं सोडलं की पहिला तुकडा कुत्र्याचा. कुत्रं लांब असलं तर तुकडा हातात धरून हाका मारत बसायचे, तोवर स्वतः घास घ्यायचे नाहीत. कारण विचारलं तर "आसंच," एवढंच. मग जीपवाल्यानं मला वेगळीच गोष्ट सांगितली. आबांनी तरुणपणी माळावर एकट्यानं लांडगे हाकलले होते, कळपातलं एक मेंढरू जाऊ दिलं नव्हतं, आणि गावानं त्यांना फेटा बांधून मिरवलं होतं. म्हणजे माझा राजपुत्र माझ्यासमोरच भाकरी खात होता, आणि मला पत्ता नव्हता.

त्या भरात मी लढाईचं प्रकरण लिहिलं. राजपुत्र एकटा राक्षसांसमोर उभा, डोळ्याची पापणी लवत नाही. मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं.

"पटत न्हाई," आबा म्हणाले. "त्याला भेव कसं वाटलं न्हाई?"

या वेळी मी चिडलेच. "तुम्हाला वाटलं होतं का? लांडग्यांपुढं उभे राहिलात, तेव्हाच फेटा बांधला ना गावानं?"

आबांनी कुत्र्याला जवळ ओढलं.

"म्या झाडावर व्हतो, बाई. लांडगे दिसले तसा चढलो. लढला त्यो खंड्या, माझं कुत्रं. मानसं आली तवा म्या खाली उतरलो. मेंढरं समदी बराबर व्हती, खंड्या मरून पडला व्हता. लोकायनी मलाच खांद्यावर घेतलं. न्हाई म्हनाया तोंड उघडलं न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. तरीही लिहिणाऱ्याची हाव सुटत नाही. मी विचारलं, "हे लिहू का?"

"लिवा. नाव नका घालू."

आठ दिवसांनी नवं प्रकरण वाचलं. राजपुत्र झाडावर चढतो, कुत्रं लढून मरतं आणि लोक राजपुत्राला हार घालतात. पहिल्यांदाच आबांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "बराबर हाय. आसंच व्हतंय."

जीप भरली होती, हॉर्न वाजत होता. मी वही पिशवीत घालून उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, कुत्रं तेवढं जित्तं ठिवा."

"आबा, ते तुम्हालाच पटणार नाही."

"न पटू द्या."

पुढच्या वर्षी माझी डोंगरकडा या गावी बदली झाली. पुस्तक छापून यायला कितीतरी वर्षं गेली. पहिली प्रत घेऊन गोरेगावला गेले तर आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. लिंबाखाली दुसऱ्याच कुणाची तरी मेंढरं बसली होती. मी प्रत तशीच परत घेऊन आले.

पुस्तकात राजपुत्राच्या सत्काराची पंगत बसते, तेव्हा कुत्रं लंगडत दारात येतं, आणि राजपुत्र ताटातला पहिला घास त्याला देतो. एका वाचकानं पत्र लिहिलं की राजपुत्र अगदी खरा वाटतो, पण इतक्या राक्षसांनी फाडलेलं कुत्रं वाचेल कसं, ते काही पटत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकही तेच म्हणाले. दोघांचंही बरोबर आहे. मी घोड्याच्या विहिरीचं एक वाक्य सुधारलं, दोन ठिकाणी राजकन्येचं बोलणं कमी केलं, आणि कुत्र्याला हात लावला नाही.