मामांचा दुसरा राउटर

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू दुरुस्तीला बाहेर दिलेली नाही, आणि म्हणूनच त्यांच्या घरातली एकही वस्तू सरळ चालत नाही. वारज्यातल्या त्यांच्या फ्लॅटची बेल दाबली की ती शेजारी वाजते. शेजारीण दार उघडते, "समोर. आहेत आत," एवढंच म्हणते आणि दार लावून घेते. मिक्सर त्यांनी एकदा उघडून बंद केला, तेव्हापासून तो कुणीतरी झाकणावर भार देऊन उभं राहिल्याशिवाय फिरत नाही. "यंत्राला कळलं पाहिजे समोर कोण बसलंय," असं ते म्हणतात. माझ्या मते यंत्राला ते कळतं, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

मागच्या वर्षी मामी बाथरूममध्ये घसरल्या, पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि मुक्काम मागच्या खोलीत हलला. इंटरनेटचा डबा हॉलमध्ये, त्यामुळे मागे सिग्नल जेमतेम. एरवी त्यावाचून काही अडलं नसतं. पण नाशिकला मामींची थोरली बहीण, अक्का, हळूहळू सगळं विसरत चालली होती. नुसता आवाज तिला ओळखू येत नसे, व्हिडिओवर चेहरा दिसला की मात्र "आलीस का गं?" म्हणायची. आता मामींचा चेहरा मध्येच गोठायचा, त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे, आणि अक्का घाबरून फोन बाजूला ठेवायची. मामी मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

मामांनी दुसरा राउटर आणला. "कंपनीच्या माणसाला बोलवू या का?" असं मी विचारलं, तेव्हा धरणाला दरवाजे कशाला लागतात असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, पाटबंधारे खात्यात मी तालुकाभर पाणी पोचवलंय. हे हॉलमधून बेडरूमपर्यंत न्यायचंय." माझं ऑफिस हिंजवडीच्या आयटी पार्कात असल्यामुळे मला यातलं कळतं, असा सासुरवाडीत समज आहे. मी तिथे पगारपत्रकं बघतो. तरी मी मान डोलावली.

हॉलपासून देव्हाऱ्याखालून, स्वयंपाकघराला वळसा घालून वायर मागे आली. दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे लागले, पण इंटरनेट नाही. सेटिंगचं पान उघडलं, तर हॉलमधल्या डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता म्हणून जो नंबर, तोच या नव्याचाही. म्हणजे आपण नेमके कुणाच्या पोटात शिरलो आहोत, तेच कळेना. "हा आतला," मामा म्हणाले. मला तो बाहेरचा वाटत होता. त्यांनी ठामपणे एक बटण दाबलं आणि हॉलमधला टीव्ही मुका झाला. मग मला तो आतला वाटू लागला, तर मामांना बाहेरचा. पासवर्ड कुणाचा बदलला आणि नाव कुणाचं, हे दोघांनाही सांगता येईना. मी फोन घेऊन हॉलमध्ये जायचो, तिथून ओरडायचो, आणि परत येईपर्यंत मामांनी भलतंच काही केलेलं असायचं.

"अहो," शेवटी मामी पलंगावरून म्हणाल्या, "दोघांचा नंबर एकच आहे ना? मग एकाचा बदला की."

"तेच करणार होतो," मामा म्हणाले.

वायर काढून त्यांनी नव्या राउटरचा नंबर बदलला. घरातल्या फोन-टीव्हीला तो स्वतःही परस्पर नंबर वाटत सुटला होता, तेही बंद केलं. मग कंपनीच्या लाइनसाठी असते त्या वेगळ्या निळ्या खाचेऐवजी शेजारच्या साध्या खाचेत वायर खोचली, आणि मामींनी नाशिकला फोन लावला.

अक्का स्वच्छ दिसली. "आलीस का गं?" म्हणाली. मामींना हसू आवरेना आणि डोळेही. दोघी आईच्या हातच्या थालीपिठांपर्यंत पोचल्या, आणि मग अक्काची नजर मामींच्या मागे गेली. तिथे मामा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते.

"मागे कोण गं तो? फोनवाला का?"

मामींनी वळून मामांकडे पाहिलं. मामा जरा पुढे वाकले.

"हो बाई. नीट दिसतंय ना, ते बघायला आलो होतो."

"छान दिसतंय हो. चहा घेऊन जा."

"घेतो," मामा म्हणाले आणि बाहेर गेले.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर चहाचं भांडं ठेवून ते नुसते उभे होते. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

"आमचं लग्न अक्कानंच जमवलं," ते म्हणाले, आणि त्यांनी गॅस पेटवला.